मचव्याच्या पोटातले इंजिन : कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीचा इतिहास

इतिहास म्हटला की किल्ला, ताम्रपट, सनद किंवा एखादे राजघराणे आपल्या डोळ्यांपुढे येते. आज मी तुमच्यापुढे एक यंत्र ठेवणार आहे. डिझेलवर चालणारे, लाकडी होडीच्या पोटात बसवलेले इंजिन. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ते कोकणच्या मचव्यात शिरले आणि पुढच्या दोन पिढ्यांत किनाऱ्यावरचे जगणे त्याने बदलून टाकले. हे कसे घडले, यंत्र टिकवण्यासाठी काय करावे लागले आणि त्याची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांपुरतेच हे विवेचन आहे.

तुम्ही म्हणाल, बोरगाव कुठे आणि समुद्र कुठे! शिवाय जैन घरातल्या माणसाने मासेमारीवर बोलावे, हेही काहींना खटकेल. पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, भारतातील डिझेल इंजिनाच्या इतिहासाची सुरुवातीची पाने आपल्याच मुलखात लिहिली गेली आहेत. दुसऱ्याचे उत्तर शेवटी येईल. तूर्त एवढेच म्हणतो की, कोळी बांधवांच्या कष्टांची नोंद घेण्यासाठी त्यांच्या ताटात जेवावे लागत नाही.

घाटावरचे इंजिन

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन 1897 साली आउग्सबुर्ग येथे चालले. त्याचे तत्त्व साधे आहे. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते. त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ठिणगीवाचून पेट घेतो. पेट्रोलपेक्षा हे तेल सहजासहजी भडकत नाही, आणि तेवढ्याच तेलात काम जास्त होते. हे दोन्ही गुण पाण्यावरच्या वाहनाला सोयीचे. लाकडी होडीत, बंदिस्त जागेत, पेट्रोलची वाफ साचणे म्हणजे साक्षात मरण. म्हणूनच 1903 साली व्होल्गा नदीवरचे ‘वांडाल’ हे जहाज या इंजिनावर चालू लागले आणि 1912 साली ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेलच्या बळावर कोपनहेगनहून थेट बँकॉककडे निघाले.

आपल्याकडे हे यंत्र शेतीच्या वाटेने आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर घडवले, आणि 1910 साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. 1930च्या दशकात सातारच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मिस्त्री आणि ओतारी मंडळींनी इंजिनाचे सुटे भाग ओतता-कातता स्वतः पुरी इंजिने उभी केली, आणि पुढे बेळगावच्या उद्यमबागेतही ओतकामाचा जम बसला.

आपल्या भागातील जुन्या मंडळींना हे इंजिन वेगळे सांगायला नको. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांच्या काठांवर त्याने मोट आणि बैल यांची जागा घेतली. हँडल मारून चालू करायचे, आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, वेग आला की सोडायचा. धुराच्या नळीतून टक्-टक् आवाज सुरू झाला की पाटात पाणी आलेच म्हणून समजावे. नदीकाठी 5 अश्वशक्तीचे जे उभे इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बसले, त्याचीच भावंडे अंबोली आणि आंबा घाटाखाली होडीच्या लाकडी पाटावर बसली. तिथे त्यांची खरी परीक्षा झाली.

होडी तीच, बळ नवे

इंजिनापूर्वी कोकणातला मच्छीमार वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर अवलंबून होता. ठाणे-पालघर किनाऱ्यावरचे डोलीचे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवायचे, पाणी फिरले की उचलायचे, हा भरतीचाच धंदा. बोंबील त्यातच मिळतो. आपल्या आठवडी बाजारात घाटावर चढून येणारे सुके बोंबील म्हणजे त्या जाळ्याची कमाई. मात्र वारा पडला की मचवा जागीच अडकायचा आणि शिडाला वल्ह्यांची जोड देत खलाशांचे दंड भरून यायचे. किनारा गाठेपर्यंत ताजी मासळी शिळी होई. मग ती वाळवणे किंवा खारवणे एवढाच मार्ग उरे.

इंग्रज सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. 1921-22 साली मुंबईहून ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवरचे ट्रॉलर जहाज चालवून पाहिले गेले. मासे मिळाले, पण खर्च परवडला नाही. 1933 साली सॉर्ली या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीचा सविस्तर अहवाल लिहिला. कॅरिकच्या प्रयोगातून एक धडा मिळत होता. परदेशी जहाज आणून उभे केल्याने गावचा धंदा सुधारत नाही. ज्याच्या हाती धंदा आहे, त्याच्याच होडीला बळ मिळाले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर नेमके तेच झाले, आणि इथे मुंबई राज्याचा मार्ग केरळपेक्षा वेगळा पडला. केरळात 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन कोल्लमजवळ नींदकरा येथे मोठा प्रकल्प उभा राहिला. तिथल्या पारंपरिक होड्या म्हणजे ओंडके बांधून केलेले तराफे किंवा खोड कोरून केलेल्या नावा. त्यांच्यात इंजिन बसवणे शक्य नव्हते, म्हणून नव्या होड्याच बांधाव्या लागल्या. आपल्या किनाऱ्यावर मात्र फळ्या जोडून, कणा घालून, वर फासळ्या बसवून बांधलेले भक्कम मचवे पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. सातपाटीचा मचवा तर सरळ कण्याचा, रुंद पोटाचा, उंच काठांचा आणि टोकदार नाळेचा. जणू इंजिनाची वाट पाहतच बांधला होता! त्यामुळे इथे होडी तीच राहिली, तिचे बळ बदलले. सुताराची विद्या, तांडेलाचे ज्ञान, जाळ्याची पद्धत हे सारे शाबूत राहून त्यात इंजिनाची भर पडली. सातपाटी, वर्सोवा, वसईपासून रत्नागिरीपर्यंत हे यांत्रिकीकरण लवकर रुजले, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

दुसरे कारण सहकार. एकट्या कोळ्याला इंजिन विकत घेणे अशक्य होते. पंचवार्षिक योजनांतून कर्ज आणि अनुदान आले, ते बहुतांशी मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत. संस्थेने कर्ज वाटले, डिझेलचा पंप घातला, बर्फाची सोय केली, मासळीची विक्री करून हप्ता वळता केला. आपल्याकडे साखर कारखाना आणि सोसायटी यांनी ऊस उत्पादकासाठी जे केले, तेच तिथे मच्छीमार संस्थेने केले. सरकारी प्रशिक्षण केंद्रांतून कोळ्यांच्या मुलांना इंजिनाची देखभालही शिकवली जाऊ लागली.

सुरुवातीची इंजिने साधारण 10 ते 30 अश्वशक्तीची आणि बरीचशी आयात केलेली होती. एक भाग मोडला की परदेशातून येईपर्यंत होडी किनाऱ्यावर. देशी इंजिने आल्यावर ही अडचण सुटू लागली. पुढे मालमोटारीचे इंजिनच समुद्रासाठी फेरफार करून वापरण्याची पद्धत रूढ झाली. रेडिएटर काढून त्या जागी पाण्याने पाणी थंड करणारा नळ्यांचा संच, धुराच्या मार्गाला पाण्याचे वेष्टन आणि मागे वेग कमी करणारी गिअर पेटी. अशोक लेलँडची इंजिने किनाऱ्यावर लोकप्रिय झाली, त्यामागे हेच व्यावहारिक शहाणपण आहे. जे इंजिन महामार्गावर धावते, त्याचा पिस्टन आणि त्याच्या रिंगा तालुक्याच्या गावी मिळतात, आणि ते उघडता येणारा मिस्त्रीही मिळतो.

मिठाशी वैर

इंजिन बसवणे एका आठवड्याचे काम. ते टिकवणे मात्र रोजचे. शेतातले इंजिन स्थिर ओट्यावर असते आणि गोड्या पाण्याने थंड होते. होडीतले इंजिन हलत्या, वाकणाऱ्या लाकडावर बसते आणि त्याच्या चारी बाजूंना मीठ असते.

पहिला प्रश्न थंडाव्याचा. समुद्राचे पाणी थेट इंजिनात फिरवले, तर सुमारे 50-55 अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातले क्षार आतल्या भिंतींवर थर धरू लागतात. म्हणून अशी इंजिने मुद्दाम थंड ठेवावी लागत. पण थंड इंजिनात तेल नीट जळत नाही, काजळी धरते, झीज वाढते. एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराला जन्म देते, त्यातलाच हा प्रकार. यावर तोडगा निघाला तो दोन पाण्यांचा. इंजिनाच्या आत कायम गोडे पाणी, आणि बाहेरचे खारे पाणी नळ्यांमधून जाऊन त्याची उष्णता काढून घेणार. याच्या जोडीला जस्ताच्या वड्या. दोन निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांतला दुबळा धातू झिजतो. म्हणून आपणहून झिजायला जस्त लावतात आणि पितळी पंखा, पोलादी शाफ्ट वाचवतात. वडी अर्धी झिजली की बदलायची. ती झिजलेली दिसणे ही काम चोख चालल्याची खूण आहे.

दुसरा प्रश्न सरळपणाचा. इंजिनापासून पंख्यापर्यंतचा शाफ्ट एका रेषेत हवा. तो केसभर कलला तरी बेअरिंग तापते, ग्लँडमधून पाणी आत येते आणि अख्खी होडी थरथरते. लाकडी होडी किनाऱ्यावर ठेवली असताना तिचा आकार एक असतो, पाण्यात उतरली की दुसरा. म्हणून जाणता मिस्त्री जमिनीवर जुळवणी करतो, होडी पाण्यात टाकतो, लाकूड फुगून बसू देतो आणि मग कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट चारी बाजूंनी पत्तीने पुन्हा मोजतो. यंत्रशास्त्र पुस्तकात शिकता येते, पण ‘होडी पाण्यात बसू दे’ हा सबुरीचा भाग किनाऱ्यानेच शिकवला आहे.

तिसरा प्रश्न डिझेलमधल्या पाण्याचा. टाकी अर्धी रिकामी राहिली की तिच्या आत दव धरते, पाणी तळाशी जाते, तिथे शेवाळासारखा गाळ तयार होतो आणि भर समुद्रात फिल्टर तुंबतो. म्हणून होडी बांधून ठेवताना टाकी भरून ठेवावी, तळाचे पाणी वेळोवेळी सोडावे, फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढावी. आणि इंजिनाचे ऑइल तासांच्या हिशेबाने बदलावे, आठवणीच्या हिशेबाने नव्हे.

या सगळ्या कामाला हक्काचा वेळ पावसाळा देतो. पूर्वी आषाढ लागला की मचवे वर ओढून झावळ्यांनी शाकारायचे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा उतरवायचे. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी असते. समुद्रातल्या जीवांना ही प्रजननाची उसंत, आणि इंजिनालाही. हेड उतरवणे, व्हॉल्व्ह घासणे, नोझल तपासणे, लायनर मोजणे ही कामे याच दिवसांत होतात. इंजिन उघडायचे नसेल, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून दर आठवड्याला क्रँक हाताने फिरवावा, म्हणजे रिंगा धरत नाहीत. आपला चातुर्मास आणि त्यांचा बंदीकाळ, दोन्ही पावसाळ्यातच सुरू होतात. ज्या समाजाने वर्षात थांबण्याचा काळ ठेवला, त्याची यंत्रे टिकली.

इंजिन बदलण्याचे गणित

वीस-पंचवीस वर्षांत लाकडी होडीचे इंजिन एकदा तरी बदलावे लागते. जुने उतरवून नवे बसवताना मालकापुढे मोह उभा राहतो. आधी 30 अश्वशक्तीचे होते, आता 60 घेऊ. शेजाऱ्याने 100 घेतले, आपण 120 घेऊ.

इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. पाणी कापत जाणारी जड होडी स्वतःच लाट उठवते आणि ठरावीक वेगापलीकडे त्या लाटेच्या चढावरच अडकते. पाण्याच्या रेषेवर होडीची लांबी 36 फूट असेल, तर ही मर्यादा ताशी सुमारे 8 सागरी मैल, म्हणजे जवळपास 15 किलोमीटर इतकी येते. त्याच्या अलीकडेही शक्तीची गरज साधारणपणे वेगाच्या घनाने वाढते. 7 मैलांऐवजी 8 मैल वेग हवा असेल, तर सुमारे दीडपट शक्ती लागते. डिझेल इंजिन पूर्ण भारावर दर अश्वशक्तीला तासाला साधारण 0.2 लिटर तेल खाते. म्हणजे 20 अश्वशक्तीला तासाला 4 लिटर, तर 100 अश्वशक्तीला 20 लिटर.

मग मोठे इंजिन घेतातच का? कारण वेग एवढाच त्याचा उपयोग नाही. ट्रॉलचे जाळे समुद्रतळावरून ओढायला बळ लागते. लांबचे पाणी गाठायला, लाटेत उभे राहायला, वादळाची चाहूल लागताच परतायलाही बळ लागते. ही खरी गरज आहे, आणि तिच्यामुळे अनेक जीव वाचले आहेत. पण गरज कुठे संपते आणि चढाओढ कुठे सुरू होते, ही रेषा इंजिनावर छापलेली नसते. किनाऱ्याजवळचे मासे कमी झाले म्हणून लांब जावे लागते, लांब जायचे म्हणून मोठे इंजिन, मोठ्या इंजिनाचा हप्ता आणि डिझेल भागवायला अधिक मासे, आणि अधिक मासे काढले म्हणून पुन्हा टंचाई. डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सरकारने दिला नसता, तर कित्येक नौका केव्हाच थांबल्या असत्या.

किंमत कोणी मोजली

2010 सालच्या सागरी मत्स्य गणनेनुसार महाराष्ट्रात पोटात इंजिन बसवलेल्या यांत्रिक नौका सुमारे 13,000 होत्या. शिडावर आणि वल्ह्यावर चालणाऱ्या त्या मानाने थोड्याच उरल्या. आकडा यशाचा आहे. ताजी मासळी मुंबईच्या ससून डॉकला वेळेत पोहोचू लागली, कोळंबी परदेशी गेली, घरे पक्की झाली, मुले शिकली. हे कमी लेखण्याचे कारण नाही.

पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शिडाच्या होडीचा वारा फुकट होता. इंजिनाच्या होडीत डिझेल, बर्फ, दुरुस्ती यांचा खर्च आधी वजा होतो आणि मग खलाशांचे वाटे पडतात. भागीदार हळूहळू मजूर झाला. मोठ्या नौकांना खोल बंदर लागते, म्हणून मासळी गावच्या पुळणीऐवजी मोजक्या बंदरांवर उतरू लागली, आणि घरापुढच्या वाळूवर मासळी घेणाऱ्या कोळणीला लिलावासाठी पहाटे दूर जावे लागले.

गोव्यात हा ताण सर्वांत आधी उफाळला. 1970च्या दशकात तिथे ट्रॉलर वाढले, आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या रापणकारांच्या जाळ्यात मासा येईनासा झाला. मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी इंजिन नष्ट करण्याची नव्हती. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवा, एवढीच होती. 1980 साली गोव्यात आणि 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, त्यांच्यामागे हा लढा होता. पुढे पर्ससीन जाळ्यांवरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात तोच झगडा पेटला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्याच्या पद्धतीवर बंदी आणली. कायदे झाले. त्यांची अंमलबजावणी हा किनाऱ्यावरचा आजचाही वाद आहे.

परिमाण

वाचकहो, आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांत शेवटचे व्रत परिग्रह-परिमाण. संसारी माणसाने सर्वस्व सोडावे असे ते सांगत नाही. किती ठेवायचे याची मर्यादा आपणच, आधीच ठरवावी असे सांगते. हव्यास वाढल्यावर ठरवलेली मर्यादा टिकत नाही, म्हणून ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा. मासेमारी श्रावकाचा धंदा नव्हे. पण परिमाणाचा विचार कोणत्याही धंद्याला लागू पडतो. किनाऱ्यावर तो निराळ्या शब्दांत होताच. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणे हे परिमाणच होते. भरतीच्या वेळेनेच जाळे उचलणे हेही परिमाण होते. शिडाच्या होडीला मर्यादा वारा घालत असे. इंजिन आले आणि ती मर्यादा माणसाने स्वतः घालण्याची वेळ आली.

आपण घाटावरचे लोक याबाबतीत कोळी बांधवांना शहाणपण शिकवायला जाऊ नये. नदीकाठी इंजिन आले तेव्हा मोटेचा आणि बैलाचा वेग संपला, पाणी हवे तितके उपसता येऊ लागले. ऊस वाढला, घरे बांधली, कर्जे फिटली. आणि त्याच पाण्याच्या अतिरेकाने शिरोळ, मिरज आणि खाली कृष्णाकाठच्या कित्येक जमिनी मिठाने पांढऱ्या पडल्या. होडीतल्या इंजिनाला मीठ बाहेरून खाते. आपण तर मीठ जमिनीच्या पोटातून वर काढले. यंत्र एकच, चूकही एकच.

सातपाटीच्या त्या जुन्या मिस्त्र्यांच्या कामात मला याचे उत्तर दिसते. त्यांनी यंत्र नाकारले नाही आणि डोळे मिटून स्वीकारलेही नाही. होडीचा कणा पाहून इंजिन निवडले, पाण्यात बसल्यावर पुन्हा मोजले, झिजायला जस्ताची वडी लावली आणि वर्षातले दोन महिने त्याला उघडून ठेवले. आज दूधगंगेच्या काठी डिझेल इंजिनाची जागा विजेच्या मोटारींनी घेतली आहे. पुढच्या काळात किनाऱ्यावरच्या नौकांचेही बळ पुन्हा बदलेल, कदाचित विजेकडे वळेल. तेव्हा नवे यंत्र किती अश्वशक्तीचे, हा प्रश्न विक्रेता विचारील. किती पुरे, हा प्रश्न मात्र गावालाच विचारावा लागेल, आणि तो यंत्र बसवण्याआधी विचारावा लागेल.